दोन्ही वार मोजायचे

सन दोन हजार बावीस. मला एकाहत्तरावं लागलेलं. त्या हिवाळ्यात आमच्या गावच्या शाळेतल्या वसतिगृहाला स्वयंपाकाला नव्या बाई आल्या, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी भर पारावर माझ्यासमोर हात धरला. तळहात उभा, रहदारीचा शिपाई धरतो तसा. मी गड्यांना सांगत होतो की विहिरीचा गाळ काढून झाला, आता घरी जा. बाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन चालल्या होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या,

"थांबा. दोर आवळू द्या."

"कसला दोर, बाई?"

"बादली अजून विहिरीतच हाय की."

खरंच होती. गडी हसले. मी हसलो नाही. गावात माझं बोलणं मधेच कुणी तोडत नसे आणि ते मला आवडतही नसे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. पोरं त्यांना मावशी म्हणत, मी बाई म्हणत असे. शिरूर कासारकडच्या. नवऱ्याबरोबर बावीस हंगाम ऊस तोडलेला. नवरा गेला, पाठ गेली, मग कोयता सुटला आणि हातात उलथनं आलं. आमच्या गावात त्यांची थोरली बहीण दिलेली होती, तिच्या मागच्या खोलीत राहायच्या. खोली माझ्या घराच्या पुढे, शाळा अलीकडे. म्हणजे रोज सकाळी जाताना माझ्या दारावरूनच जाणं.

दोर आवळण्याचं तुम्हाला सांगतो. ऊसतोडीत ऊस तुटला म्हणून काम संपत नाही. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, गाडी भरली की वरून दोर टाकून आवळायचा. दोर आवळला की मग त्या दिवसाचं काम संपलं. बाईंनी हा हिशोब साऱ्या जगाला लावलेला होता. लग्नात शेवटची पंगत उठायच्या आत मांडववाला खांब उपटायला लागला की यांचा हात उभा. मयतीला माणसं पाणी न घेता निघाली की हात उभा.

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. पोरं जेवायला बसली होती आणि साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं. त्यांनी वही मागितली, 'भोजन पूर्ण' असं लिहून सही करायला. बाईंनी वही पदराखाली धरली.

"साहेब, थांबा. ती कोपऱ्यातली पोरगी अजून जेवतीय."

"अहो बाई, जेवतेय म्हणजे जेवण झालंच ना."

"तिला अजून अर्धी भाकर लागती. मग झालं."

साहेब उभे राहिले. पोरगी साऱ्यांची नजर बघून सावकाश जेवायला लागली. शेवटी तिनं ताट उचललं तेव्हा वही बाहेर आली. हेडमास्तरांना घाम फुटला होता. मी शाळेच्या भिंतीला टेकून बघत होतो. बाई मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडल्या, पण मी तसं दाखवलं नाही.

आता पोरांचं. वसतिगृह म्हणजे कारखान्याला गेलेल्या तोडकऱ्यांची पोरं. आईबाप दिवाळीनंतर जातात, गुढीपाडव्याच्या आसपास येतात. तोवर पोरं शाळेतच खाणार, शाळेतच झोपणार. बत्तीस पोरं होती. त्या साली सगळ्यांना कार्डांचा नाद लागलेला. खाऊच्या पुडीत एकेक कार्ड निघायचं. त्यावर राक्षस, गरुड, नाग, काय वाट्टेल ते. कोपऱ्यात दोन आकडे. लाल आकडा म्हणजे वार, हिरवा आकडा म्हणजे जीव. तुझ्या कार्डाचा लाल माझ्या हिरव्याएवढा झाला किंवा वर गेला की माझं कार्ड पडलं. पाच-पाच कार्डं घेऊन लढायचं. एवढाच खेळ. मला तो पोरखेळ वाटायचा आणि होताही.

पण भांडणं खरी होती. एकानं दुसऱ्याच्या डोक्यात पाटी घातली तेव्हा बाईंनी पीठ मळता मळता खेळ समजून घेतला. भांडण एकाच गोष्टीचं असायचं. ज्याची चाल त्याचा वार आधी, मग समोरचं कार्ड पडलं तर पडलेल्यानं उलटा वार करायचा की नाही? बाईंनी निकाल देऊन टाकला.

"दोन्ही वार मोजायचे. तुटलेला ऊस काय आपल्या पायानं गाडीत जातो का? त्याचं वजन डोक्यावर घ्यावंच लागतं. पडलेल्याचा बी वार धरा, मग लढाई संपली म्हणा."

वसतिगृहात त्या दिवसापासून डोकी फुटायची थांबली. पुढे पुढे बाई स्वतः खेळायला लागल्या. भाकरी थापून झाल्या की पिठाच्या हातानं पत्ता टाकायच्या आणि हरलं की पोरांना शिव्या द्यायच्या. पोरं खूष.

त्या बत्तीस पोरांत मिळून एक चमकीचं कार्ड होतं. सोनेरी गेंडा. सगळ्यांनी चिल्लर गोळा करून पुड्यांची अख्खी माळ आणली होती, त्यात निघालेलं. म्हणून ते कुणा एकाचं नव्हतं. रोज एकाच्या उशीखाली राहायचं. आज कुणाची पाळी हे बाईंना पाठ होतं. ज्याला घरची आठवण येऊन जेवण जात नसे त्याची पाळी कशी कोण जाणे आधी यायची, आणि बाकीचे काही बोलायचे नाहीत.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. त्यातली दोन वर्षं एकाच वर्गात गेली, पण तो मास्तरचा दोष. कुस्ती मात्र मी शिकलो आणि पुढे चाळीस वर्षं यात्रेच्या फडात पंच म्हणून उभा राहिलो. लाल फेटा, गळ्यात शिट्टी. दिलेला निकाल कधी फिरवला नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या पैलवानाला मी चीत दिला तर फडावर दगड आले. एक माझ्या कपाळाला लागला. रक्त पुसलं आणि तोच निकाल पुन्हा दिला. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. त्यात विचारायचं काही नसतं.

आता लढाईचा दिवस. मांजरसुंब्याच्या चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक तिशीतला गडी होता. आमच्या गावचा जावई. दाढी आली तरी कार्डांचा नाद. सासुरवाडीला आला की पोरांना खेळायला बसवायचा आणि पैज लावायचा, हरेल त्याचं भारी कार्ड जिंकेल त्याचं. दोन-तीन पोरांची चांगली कार्डं त्यानं अशी नेली. मग त्याची नजर गेंड्यावर गेली. पोरं रडकुंडीला आली, पण लढणार नाही म्हणायलाही लाजायची.

बाई पदर खोचून पारावर आल्या.

"जावईबापू, पोरांसंग कावून खेळता? माझ्यासंग खेळा."

"मावशी, तुमी भाकरी करा की."

"भाकरी झाल्यात. बसा."

सारा गाव जमला. म्हातारे आणि पोरंच, बाकी गाव कारखान्याला. पोरांनी आपण होऊन गेंडा बाईंच्या हातात दिला. पंच कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. यात्रा बंद झाल्यापासून फेटा पेटीतच होता. घरी जाऊन बांधून आलो. शिट्टी घातली. मी दोघांना पाच-पाच कार्डं मोजून दिली, हात मिळवायला लावले. जुगार नको, दंगा नको, असं सांगितलं. सगळं सांगितलं. लढाई कधी संपते हे मात्र विचारलं नाही. कुस्तीत ते कुणी विचारत नाही.

चार कार्डं याची पडली, चार त्यांची. शेवटी बाईंचा गेंडा आणि जावयाचा पोलादी गरुड. गेंड्याचा वार चार, जीव तीन. गरुडाचा वार पाच, जीव चार. चाल जावयाची. त्यानं गरुड आपटला.

"पाच! पडला गेंडा!"

मी शिट्टी मारली.

बाईंचा तळहात माझ्यासमोर उभा. "पंच, थांबा. माझा वार ऱ्हायला. चार हायेत. त्याचा जीव चारच हाय. दोन्ही पडले. बरोबरी."

"मावशी, चाल माझी होती," जावई म्हणाला. "आमच्या चौकात पडलेला वार करत न्हाई."

"आमच्यात दोन्ही वार मोजतेत."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. पोरं पुढे सरकली. मी काय सांगणार? मला एकच माहीत होतं.

"पाठ लागली बाई. शिट्टी झाली. संपलं."

"पंच, माझा हात वर होता."

"शिट्टी झाली म्हणलं न्हवं!"

बाईंनी हात खाली घेतला. गेंडा जावयाला दिला, पुसून दिला, पीठ लागलेलं होतं म्हणून. मागून कुणी तरी बोललं, "जावई हाय ना, पंचानं मान राखला." मी वळून बघितलं, पण कोण ते कळलं नाही. ते बोलणं मला फडावरच्या त्या दगडापेक्षा जास्त लागलं. कारण ते खोटं होतं. मी जावयाकडे बघितलंच नव्हतं.

पोरं रडली. त्या रात्री कुणाच्या उशीखाली काही नव्हतं. बाईंनी पोरांना एवढंच सांगितलं, "पंचानं दिलं ते दिलं. त्यांना शिव्या देऊ नका. पर लढाई संपली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात मिश्री लावत होतो. बाई चालल्या होत्या.

"पंच, उठले का? लढाई संपली न्हाई बरं का."

"संपली!" मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

असं रोज. थंडी असो, बाजाराचा दिवस असो. भांडण नाही, तोंड वाकडं नाही. रामराम घालावा तसं. "पंच, लढाई संपली न्हाई." "संपली!" शेजारी घड्याळ लावून घ्यायचे यावर. मी कधी आडाला गेलेलो असलो तर बाई दाराशी थांबून राहायच्या, मी आलो की बोलून जायच्या. एकदा मी मुद्दाम मागच्या दारानं गेलो. संध्याकाळी परत येताना त्यांनी सकाळचं आणि संध्याकाळचं असं दोनदा म्हटलं.

माघात मला ताप आला. चार दिवस उठलो नाही. सून कारखान्याला, मुलगा कारखान्याला. बाई ज्वारीची आंबील घेऊन आल्या, उशाशी बसल्या.

"प्या."

"नको."

"प्या गुमान. लढाई राहिलीय. पंच मेला तर निकाल कुणी द्यावा?"

मला हसू आलं आणि आंबील नाकात गेली. बाईही हसल्या. मग भांड्यावरचं झाकण नीट करता करता त्यांनी एक सांगितलं. एका हंगामात अंधार पडत आलेला, मुकादम म्हणाला झालं, हाण गाडी. दोर ढिला होता, त्यांचा नवरा अजून चाकापाशी होता. वळणावर उसाचा अख्खा थर त्याच्या अंगावर आला. पाय गेला. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला, पण दारात बसून.

"मी वरडले होते, पंच. थांबा म्हणून. कुणाला ऐकू गेलं न्हाई. गाडीचा आवाज लई होता."

एवढंच बोलल्या. भांडं उचललं आणि गेल्या. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात विचारलं तेव्हा मी "संपली" असंच म्हणालो. आवाज बसलेला होता, पण म्हणालो. असा मी.

पाडव्याला आईबाप आले, वसतिगृह बंद झालं. बाई शिरूर कासारला लेकीकडे गेल्या. जाताना गाठोडं डोक्यावर घेऊन दारात थांबल्या.

"येते पंच. दिवाळीनंतर येते. लढाई—"

"संपली, बाई. जपून जा."

जेठात त्यांच्या बहिणीनं सांगितलं की बाई गेल्या. पोटात दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी गेल्या. मला कळलं तोवर दहावाही होऊन गेला होता.

दिवाळी झाली. पोरं परत आली. स्वयंपाकाला दुसरी बाई आली, चांगली आहे बिचारी, कुणाला काही म्हणत नाही. मी सकाळी दारात बसायचो. रस्त्यानं कुणी थांबायचं नाही. तुम्हीही कधी कुणाशी हट्टानं भांडला असाल तर तुम्हाला कळेल. समोरचं माणूस आहे तोवर आपलं बरोबर आहे असं ठासून म्हणता येतं. ते नसलं की आपलंच म्हणणं आपल्याला ऐकू यायला लागतं. मी रिकाम्या रस्त्याकडे बघून एकदा "संपली" म्हणालो. कुत्रं उठून गेलं.

मग मी ठरवलं. या खेळाचा कायदा कुठे तरी लिहिलेला असणार. कुस्तीचा आहे, तसा याचाही असणार. पोरांना विचारलं. त्यातलं एक थोरलं म्हणालं, "आबा, पुडीत नसतोय. मोठा डबा मिळतो बीडला, त्यात कागद असतोय म्हणे."

मी एसटीनं बीडला गेलो. तीन दुकानांत विचारलं. एकानं हाकलून दिलं, बाबा तुमच्या वयाला नाही म्हणाला. मी त्याला वय सांगितलं आणि पुढे गेलो. चौथ्या दुकानात डबा मिळाला. गल्ल्यावर मालकाची कॉलेजातली लेक बसली होती. डबा फोडला तर आत घडीचा कागद, सगळा इंग्रजीत, मुंग्यांएवढी अक्षरं.

"पोरी, यात लढाई कधी संपते ते हुडक."

तिनं बोट फिरवत फिरवत शोधलं. "हे बघा आजोबा. चाल कुणाचीही असो, दोन्ही कार्डं एकाच वेळी वार करतात. कार्ड पडलं तरी त्याचा वार धरायचा. दोन्ही वार मोजून झाले की मग लढाई संपते."

"पडलेल्याचा बी?"

"हो, पडलेल्याचाही."

"अन् दोन्ही पडले तर?"

"तर बरोबरी. ज्याचं कार्ड त्याच्याकडे परत."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मागे गिऱ्हाईक उभं होतं. पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही हरलात का?"

"मी खेळलोच न्हाई. मी पंच होतो."

तिनं कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मी परत येताना एसटीत उभाच होतो. जागा होती तरी बसावंसं वाटलं नाही. त्या कागदाबिगर, अक्षर न वाचता, पीठ मळता मळता ज्या बाईनं हा कायदा बरोबर सांगितला होता तिला मी चार महिने रोज सकाळी "संपली" म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मांजरसुंब्याला गेलो. दुकान नुकतंच उघडलेलं.

"आबा, बसा की. च्या सांगतो."

"च्या नंतर. गेंडा काढ."

मी कागद त्याच्यापुढे ठेवला. तो शिकलेला, त्यानं वाचला. डोकं खाजवलं.

"पर आबा, मावशी तर गेल्या ना? आता कुणाला देणार?"

"त्यांचा नव्हताच. पोरांचा हाय."

त्यानं खण उघडून कार्ड काढून दिलं. गडी वाईट नाही. वर म्हणाला, "घेऊन जा गुपचूप. कुणाला सांगायची काय गरज न्हाई, मी बी बोलत न्हाई." तसं करता आलं असतं. कार्ड हातात होतं, पोरं तेवढ्यावरही नाचली असती, आणि माझे चाळीस वर्षांचे निकाल जिथल्या तिथं राहिले असते.

मी दहाच्या सुमाराला गावात आलो आणि सरळ पारावर चढलो. म्हातारे बसलेले होते, पोरं जेवायला रांगेत जात होती, बायका दळणाला आलेल्या. मी म्हणालो, "मागल्या साली हितं मी जो निकाल दिला, तो चुकला. दोन्ही वार मोजायचे होते. बाईंचं बरोबर होतं." पाराशेजारी गिरणी चालू होती, कुणाला काही ऐकू गेलं नाही. मी खाली उतरलो, गिरणीवाल्याला पट्टा बंद करायला लावला, पुन्हा पारावर चढलो आणि सगळं पहिल्यापासून म्हणालो.